एक बोअर, दोन प्रोग्रॅम, सहा मायक्रॉन

मी सीएमएमवर (स्पर्शाने मापं घेणाऱ्या को-ऑर्डिनेट मेझरिंग मशीनवर) नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एकाच जॉबचे, म्हणजे मोजायच्या भागाचे, दोन प्रोग्रॅम होते. एक जुना, संपूर्ण तपासणीचा. दुसरा लाइनसाठी घाईत बनवलेला, पाच-सहा मापांचा. मोठा प्रोग्रॅम म्हणे बोअर (गोल भोक) पास, छोटा म्हणे सहा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) कमी, रिजेक्ट. जॉब त्याला धरणाऱ्या फिक्स्चरवरून हललेला नाही, प्रोब वळवणारं हेड तेच, प्रोबच्या टोकाची ४ मिलिमीटरची रुबीची गोळी, म्हणजे टिप, तीच. आधी तापमान बघितलं, ते २० अंशांवर व्यवस्थित होतं. मग फिक्स्चरचे क्लॅम्प सोडून पुन्हा आवळले. जॉब तर तीनदा पुसला.

तेवढ्यात एक सीनिअर आले आणि एकच विचारलं, "मास्टर बॉलचा व्यास दोन्हीकडे किती टाकलाय?" मास्टर बॉल म्हणजे नेमका व्यास माहीत असलेला गोळा, त्यावर प्रोबचं कॅलिब्रेशन होतं आणि त्याची नोंद प्रोब फाइलमध्ये राहते. मोठ्या प्रोग्रॅमच्या प्रोब फाइलमध्ये सर्टिफिकेटवरचा २४.९९४ मिलिमीटर होता. छोट्यात नुसते २५.

मशीन रुबीचा व्यास थेट मोजत नाही. ते मास्टर बॉलला चहूबाजूंनी स्पर्श करतं, त्यातून टिपच्या केंद्राचा गोल काढतं आणि त्यातून तुम्ही सांगितलेला बॉलचा व्यास वजा करतं. उरतो तो टिपचा व्यास. बॉल सहा मायक्रॉन मोठा सांगितला की टिप तेवढीच बारीक ठरते. मग बोअर लहान येतो आणि शाफ्ट मोठा. दोन बोअरमधलं अंतर मात्र बरोबर येतं, कारण तिथे टिपचा व्यास दोन्हीकडे सारखाच चुकलेला असतो. ही खूण लक्षात ठेवा: एकाच टिपने घेतलेली केंद्रं जुळतात पण व्यास जुळत नाहीत, तर जॉबला हात लावण्याआधी प्रोब फाइल उघडा.

आता नवख्यांना हमखास घाबरवणारी गोष्ट. ४ मिलिमीटरच्या टिपचं कॅलिब्रेशन केलं की स्क्रीनवर चारपेक्षा थोडा कमी आकडा येतो, आणि "रुबी झिजली का?" असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा झिजलेली नसते. टच ट्रिगर प्रोबमध्ये (स्पर्श झाला की सिग्नल देणाऱ्या) स्टायलस, म्हणजे रुबी बसवलेला दांडा, तीन टेकूंवर स्प्रिंगने दाबून बसलेला असतो. रुबी टेकल्यावर स्टायलस किंचित वाकतो, मग टेकूवरचा संपर्क तुटतो आणि तेव्हा कुठे मशीनला सिग्नल मिळतो. तेवढ्या वेळात मशीन थोडं पुढे गेलेलं असतं. ते पुढे जाणं त्या व्यासात वजा होऊन बसतं. म्हणजे कॅलिब्रेशनमधून येणारा आकडा एकट्या रुबीचा नसतो. स्टायलसची लांबी, स्पर्शाचा वेग, ट्रिगरचा जोर हे सगळं त्यात आलं. एका प्रोग्रॅममध्ये हळू कॅलिब्रेट करून दुसऱ्यात वेगाने मोजलंत, तर मोजणारी टिप वेगळीच झाली. तीन टेकूंमुळे हा वाक दिशेनुसारही बदलतो. लांब स्टायलसवर तो जास्त जाणवतो. म्हणून मी बॉलवर पाच पॉइंट घेऊन भागवत नाही. जास्त घेतो, आणि ते अर्ध्या गोलावर पसरून घेतो.

प्रत्येक प्रोग्रॅमची स्वतःची प्रोब फाइल ही सवय आम्ही बंद केली. आता फाइल सामाईक फोल्डरमध्ये असते आणि नावातच टिपचा व्यास, स्टायलसची लांबी, एक्स्टेंशन (जोडदांडी) लिहिलेलं असतं. "नवीन प्रोब", "टेस्ट २" अशी नावं दिसली की मी चिडतो. कॅलिब्रेशनचा प्रोग्रॅम एकच आहे. वेग, पॉइंट, बॉलचा व्यास सगळं त्यात ठरलेलं. इन्स्पेक्शन प्रोग्रॅम फाइल फक्त वापरतो, बदलत नाही. स्कॅनिंग (रुबी टेकलेली ठेवून सरकवत मोजणं) करणार असाल तर त्याचं कॅलिब्रेशन वेगळं करा, पॉइंटवरचं तिथे चालवू नका.

मास्टर बॉल हलवला की सॉफ्टवेअर विचारतं, "बॉल हलवलाय का?" घाईत "नाही" दाबलं जातं. एकदा मी तेच केलं, तेही फक्त दोन अँगलसाठी, म्हणजे प्रोब वळवण्याच्या दोन दिशांसाठी. बाकीचे अँगल जुन्या जागेवरून कॅलिब्रेट झालेले. वरून मोजलेला फेस आणि बाजूने मोजलेला बोअर यांच्यातलं अंतर एकदम बिघडलं, जॉब मात्र चांगला होता. इथे खूण उलटी: व्यास ठीक, पण अँगल बदलला की केंद्रं सरकतात. तेव्हापासून बॉल हलला तर आधी मास्टर प्रोबने (संदर्भासाठी ठरवलेल्या प्रोबने) त्याची नवी जागा पक्की करतो, मग वापरातले सगळे अँगल नव्याने. अर्धे कधीच नाहीत. शेवटी प्रत्येक अँगलने तोच बॉल मोजून केंद्रांचे एक्स, वाय, झेड शेजारी मांडतो. एखादं केंद्र फटकून असेल तर तिथेच थांबतो.

साफसफाईबद्दल थोडक्यात: बॉल आणि रुबी दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. अॅल्युमिनियमवर रुबीने सतत स्कॅन केलं तर तिच्यावर धातू चिकटतो आणि तो पुसून जात नाही. तिथे सिलिकॉन नायट्राइडची टिप बरी.

आणि वही ठेवा. एक्सेल चालेल. तारीख, टिप, अँगल, व्यास, स्टँडर्ड डेव्हिएशन (मापं किती विखुरली ते) एवढे पाच रकाने पुरतात. आमच्याकडे एकदा ए ९० बी ९० (हेडचे दोन कोन) या अँगलचं डेव्हिएशन रोजच्या एक-दीड मायक्रॉनवरून पाचवर गेलं, व्यास मात्र जवळपास तोच. बॉल पुसला, पुन्हा पाच. रुबी पुसली, तरी पाच. मग स्टायलसला चावी लावली, तर तो पाव आटा ढिला.