कोळंबीच्या खाद्यातून जंतुरोधक प्रथिने कशी द्यावीत

कोळंबीच्या रक्तपेशी पेनाइडिन, क्रस्टिन, एएलएफ (अँटी-लिपोपॉलिसॅकराइड फॅक्टर), लायसोझाइम अशी जंतुरोधक प्रथिने स्वतःच बनवतात. बाहेरून देतो ती याच जातकुळीची. व्हिब्रिओ हे कोळंबीला आजारी पाडणारे जिवाणू आटोक्यात ठेवायला ती कामाची. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू किंवा ईएचपी (आतड्याजवळच्या पाचक ग्रंथीत वाढणारा सूक्ष्म परजीवी) यांवर इलाज म्हणून वापरू नका. मरतूक सुरू झाली की आजारी कोळंबी खाणे सोडते, त्यामुळे सुरुवात त्याआधीच व्हायला हवी.

पाण्यात ओतणे म्हणजे पैसे बुडवणे. यातली बहुतेक प्रथिने धन प्रभाराची असतात आणि जिवाणूच्या ऋण प्रभाराच्या आवरणाला चिकटून काम करतात. खाऱ्या पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम हीच पकड सैल करतात. उरलेले गाळ ओढून घेतो.

खरेदीआधी प्रयोगशाळेतून आपल्याच तलावातल्या व्हिब्रिओवर किमान रोधक मात्रा (जिवाणूची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) काढून घ्या. द्रव माध्यमात १.५ ते २ टक्के मीठ हवे आणि दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू. चाचणीची प्लेट पॉलिप्रोपिलीनची मागा. पॉलिस्टायरीनला पेप्टाइड (लहान प्रथिन) चिकटते, मग चांगले उत्पादनही कमजोर दिसते. नुसते लायसोझाइम व्हिब्रिओवर फिके पडते, कारण बाहेरचे आवरण ते सहज भेदू शकत नाही. सेंद्रिय आम्लाबरोबर लावलेली चाचणी जास्त उपयोगाची.

डोस लेबलप्रमाणेच. समजा लेबलवर किलो खाद्याला ५०० मिलिग्रॅम आहे. २ लाख पिल्ले सोडली, जगण्याचे प्रमाण ८० टक्के, सरासरी वजन १० ग्रॅम: तलावात १,६०० किलो कोळंबी. ३ टक्के दराने रोजचे खाद्य ४८ किलो, म्हणजे त्यात मिसळायचे प्रथिनाचे उत्पादन २४ ग्रॅम.

ते किलोमागे ४० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १.९ लिटर थंड, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात विरघळवा. पावडर थेट खाद्यावर भुरभुरू नका. मिक्सर फिरत असताना बारीक फवारा मारा, १५ मिनिटे मुरू द्या, मग किलोमागे १५ मिलिलिटर माशाचे तेल चढवा. सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवा आणि त्याच दिवशी संपवा. कोळंबी दाणा कुरतडत खाते, त्यामुळे तेलाचा थर कमी पडला तर बराच डोस तोंडात जाण्याआधीच पाण्यात उतरतो.

फसगत बहुधा मिश्रणात होते. अल्जिनेट बायंडर (खाद्य बांधून ठेवणारा पदार्थ) ऋण प्रभाराचा असल्याने प्रथिनाला धरून ठेवतो. बेंटोनाइट मातीही तेच करते. बॅसिलस प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणू) त्याच खाद्यात मिसळू नका: लायसोझाइम आणि निसिन (जिवाणूंपासून मिळणारे जंतुरोधक पेप्टाइड) दोन्ही त्याला मारू शकतात. प्रोबायोटिक पाण्यातून द्या, नाहीतर वेगळ्या वेळच्या खाद्यात.

परिणाम नुसत्या नजरेने ठरवू नका. शक्य तर एकाच तलावात तीन जाळीचे पिंजरे साध्या आणि तीन लेपलेल्या खाद्यावर ठेवा. सुरुवातीला आणि पुढे दर आठवड्याला प्रत्येक गटातल्या ५ कोळंब्यांचे हेपॅटोपॅन्क्रियास (पाचक ग्रंथी) २ टक्के मिठाच्या निर्जंतुक द्रावणात वाटून टीसीबीएस (व्हिब्रिओ वाढवण्याचे खास माध्यम) प्लेटवर पसरा. हिरव्या वसाहतींवर जास्त लक्ष: व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हिरवाच उगवतो. मात्र ईएमएसचे (कोळंबीची लवकर मरतूक घडवणाऱ्या रोगाचे) विष बनवणारी जात रंगावरून ओळखता येत नाही, त्यासाठी पीसीआर करावाच लागतो. दोन्ही गटांतल्या वसाहती सारख्याच वाढत असतील तर डोस वाढवण्याआधी लेप तपासा: १० ग्रॅम खाद्य तलावाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि ते पाणी व खाद्य दोन्हींतले प्रथिन मोजून घ्या.