सेकंड हँड फोनचा इन्शुरन्स काढता? आधी चिठ्ठी लिहून घ्या

बैल घेताना आपण बाजार समितीची पावती हातात आल्याशिवाय दावं सोडत नाही. त्या पावतीत रंग, शिंगं, वय, विकणारा कोणत्या गावचा, सगळं लिहिलेलं असते. आणि नऊ-दहा हजाराचा जुना फोन मात्र आपण पानठेल्यावर उभ्याउभ्या घेतो, पैसे मोजले, सिम टाकलं, निघालो. मीपण असाच घेतला होता, २०२३ च्या पावसाळ्यात, तालुक्याच्या एका दुकानातून ८,५०० ला, आणि दुकानदारानं वरून ९९९ चा "फुल प्रोटेक्शन" प्लॅन गळ्यात मारला. सप्टेंबरात कपाशीवर फवारणी चालू होती, पंप भरायला वाकलो आणि वरच्या खिशातला फोन सरळ औषधाच्या ड्रममध्ये. क्लेम टाकला तर पहिला प्रश्न आला, बिल कोणाच्या नावानं आहे? बिल होतं नागपूरच्या कोण्या माणसाच्या नावानं, ज्याला मी जन्मात पाहिलं नाही. क्लेम रिजेक्ट. दुकानदार म्हणे, "भाऊ, मी फक्त कार्ड विकतो, पुढचं कंपनी जाणे."

तेव्हापासून हे सगळं शिकलो, म्हणून लिहितो आहे.

पहिली गोष्ट, इन्शुरन्स कंपन्यांना जुना फोन आवडत नाही. बहुतेक पॉलिसी नव्या फोनच्या, तेही फोन घेतल्यापासून ठरलेल्या दिवसांच्या आत काढायच्या आणि बिल तुमच्याच नावाचं लागते. त्यामुळे ओळखीच्या माणसाकडून वापरलेला फोन घेऊन नंतर मोबाईलवर पॉलिसी शोधत बसलात तर बरेचदा पैसे भरून होतात, पॉलिसीचा कागदही येतो, पण क्लेमच्या वेळी "फोन नवीन असताना घेतलेला नव्हता" ही ओळ बाहेर निघते. फॉर्ममध्ये नवा की जुना असं विचारलं असेल तर खरंच लिहा. खोटं लिहिलं की कंपनीला पैसे न देण्याचं आयतं कारण भेटते.

मग रस्ता काय? एक तर रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून परत विकलेले, फोन विकणाऱ्या मोठ्या दुकानातून किंवा ऑनलाईन घ्या, तिथं तुमच्या नावानं पक्कं बिल भेटते आणि त्यावर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर असतो, कव्हर घ्यायचं असेल तर त्याच वेळी घ्या. पण वॉरंटी म्हणजे इन्शुरन्स नाही बरं, सहा महिन्यांची वॉरंटी आहे म्हणून पडलेला फोन कोणी फुकट करून देत नाही. दुसरा रस्ता, विकणाऱ्याची पॉलिसी अजून चालू असेल तर ती तुमच्या नावावर करून घ्या. फोन हातात आला म्हणून पॉलिसी आपोआप तुमची होत नाही, गाडी घेतल्यावर इन्शुरन्सचं नाव १४ दिवसांत बदलायला अर्ज द्यावा लागतो ना, तसंच इथंही कंपनीला लेखी कळवावं लागते आणि ती हो म्हणाली पाहिजे. काही प्लॅन फोनला जोडलेले असतात, काही माणसाला. विकणाऱ्यालाच कस्टमर केअरला फोन लावायला सांगा, स्पीकरवर, तुमच्यासमोर.

आणि दुकानातलं कार्ड घेताना उलटून बघा. त्यावर इन्शुरन्स कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर आहे का? नसेल तर तो इन्शुरन्सच नाही, दुकानाचा नाहीतर कोण्या मधल्या कंपनीचा रिपेअरचा करार आहे. माझं ९९९ चं कार्ड तसंच होतं.

परवडते का तेही बघा. समजा फोन ९,००० चा, प्लॅन १,२०० चा, स्क्रीन फुटली, खर्च ३,५००, त्यातले ५०० तुमच्या खिशातून. म्हणजे कंपनीनं दिले ३,००० आणि तुमचा फायदा १,८००, तोही फुटला तर, आणि घसारा, म्हणजे फोन जुना झाला म्हणून कमी धरलेली किंमत, कापला नाही तर. एक रुपयाच्या पीक विम्यानं आपली सवय बिघडवली होती, विमा म्हटला की आपण विचार न करता काढतो. माझं मत विचाराल तर सात-आठ हजाराच्या फोनला जाड कव्हर लावा आणि प्लॅनचे पैसे बाजूला ठेवा. वीस हजाराच्या वरचा असेल तर मग बघा.

आता चिठ्ठी, म्हणजे विकणाऱ्याच्या सहीचा विक्रीचा कागद. इन्शुरन्स काढा नाहीतर नका काढू, ही लागतेच.

फोन घ्यायच्या आधी डायलरवर *#०६# दाबा, १५ आकडी आयएमईआय दिसतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतात. तो बिलावरचा, डब्यावरचा आणि स्क्रीनवरचा, तिन्ही जागी आकडा-आकडा जुळवा. जुळला नाही तर विचारा काऊन. सर्व्हिस सेंटरमध्ये बोर्ड बदलला की नंबर बदलतो, हे खरं कारण असू शकते, पण मग त्याची जॉब शीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरचा दुरुस्तीचा कागद मागा, ती नसेल तर फोन ठेवा खाली. नंतर मेसेजमध्ये इंग्रजी कॅपिटलमध्ये केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय, आणि १४४२२ वर पाठवा. सरकारच्या संचार साथी ॲपवरही हेच बघता येते. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज आलं तर सौदा मोडा, कितीही स्वस्त असू द्या.

किस्तीचा फोन ही आपल्याकडची वेगळीच भानगड. सोयाबीनच्या पैशावर फोन घेतला, दोन किस्ती भरल्या आणि विकून टाकला, असे लय लोक आहेत. फायनान्सवाले थकलेल्या किस्तीसाठी फोन दुरूनच लॉक करतात. म्हणून बिलावर फायनान्स कंपनीचं नाव दिसलं की एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असं कंपनीचं पत्र मागा. आणि विकणाऱ्याला त्याचं गुगल खातं तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो आणि तोपर्यंत तो पुण्याला कंपनीत निघून गेलेला असतो.

चिठ्ठीला स्टॅम्प पेपर लागत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तसाही १०० चा बंद झाला, ५०० चा घ्यावा लागते, कशाला घालता. वहीचं पान चालते. मी असं लिहितो:

"मी, अमुक, राहणार अमुक, माझ्या मालकीचा अमुक कंपनीचा अमुक मॉडेल, निळा रंग, मागच्या काचेला उजवीकडे खालून तडा, आयएमईआय एक … आणि दोन …, हा फोन आज तारीख … ला रु. ९,००० घेऊन तमुक यांना विकला. मूळ बिल व डबा दिला. फोनवर किस्त बाकी नाही. फोन चोरीचा नाही, तसं निघाल्यास जबाबदारी माझी."

खाली दोघांच्या सह्या, मोबाईल नंबर, एक साक्षीदार. मूळ बिलाच्या मागेही त्याला सही करायला लावा, कोणाला विकला आणि कधी ते लिहून. आधारची झेरॉक्स घेतली तर त्यावर आडवं "फक्त फोन विक्रीसाठी" लिहून घ्या, म्हणजे देणाऱ्यालाही भीती राहत नाही. पैसे नगदी नका देऊ, यूपीआयनं पाठवा आणि नोटमध्ये "फोन" आणि आयएमईआयचे शेवटचे चार आकडे टाका. बँकेच्या स्टेटमेंटवर तारीख, रक्कम, नाव सगळं येते आणि ते कोणी खोडू शकत नाही. बिलच नाही म्हणत असेल तर ही चिठ्ठी आणि यूपीआय एवढंच तुमच्या हातात राहते, पण कंपनी फक्त त्यावर क्लेम देईल अशी आशा नका ठेवू.

याचे फोटो त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग काय? बायकोच्या नाहीतर भावाच्या फोनवर पाठवा, आणि मूळ कागद सातबाऱ्याच्या पिशवीत.

बाजूच्या गावातल्या एका पोरानं बाजारातून स्वस्तात फोन घेतला, चार महिन्यांनी पोलीस स्टेशनवरून बोलावणं आलं. फोन चोरीचा निघाला, मूळ मालकानं सीईआयआरवर, म्हणजे चोरीचे फोन बंद करायच्या सरकारी साईटवर, ब्लॉक केला होता आणि यानं सिम टाकलं तसा माग लागला. फोन गेला, पैसेही बुडाले, पण त्याच्याकडे विकणाऱ्याच्या सहीचा कागद होता म्हणून पोलिसांनी त्याला सोडून विकणाऱ्याला धरलं. कागद नसता तर त्याच्या बापाला मध्यस्थ शोधत फिरावं लागलं असतं.

आता क्लेम. पीक विम्यात आपण ७२ तासांत कळवायचो, फोनच्या पॉलिसीत बहुतेक ठिकाणी २४ किंवा ४८ तास असतात, पॉलिसीत बघून घ्या. फोन फुटला, भिजला की पहिले फोटो काढा, मग कंपनीला कळवा, तक्रार नंबर लिहून ठेवा. कंपनीनं बघायच्या आधी गावातल्या मिस्त्रीकडून उघडून घेऊ नका, उघडलेला दिसला की क्लेम गेला समजा. आणि भिजलेला फोन चार्जिंगला लावून "चालू होते का बघू" करू नका, जे वाचलं असते तेही जळते.

चोरीचं वेगळं आहे. घराचं कुलूप तोडून नेला किंवा हिसकावून नेला तर बऱ्याच पॉलिसी देतात, पण एसटीच्या गर्दीत खिशातून गेला किंवा कुठं विसरला तर बहुतेक देत नाहीत. स्टेशनवर "हरवला" अशी नोंद करून मोकळे होऊ नका, चोरी झाली असेल तर चोरीचाच एफआयआर लिहायला लावा, त्यात दोन्ही आयएमईआय टाकायला सांगा आणि प्रत घ्या, ती फुकट भेटते. मग डुप्लिकेट सिम काढा आणि सीईआयआरवर तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र टाकून फोन ब्लॉक करा. नव्या सिमवर मेसेज २४ तासांनी सुरू होतात, त्यामुळे ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका, दुसऱ्या दिवशी करा. जो रिक्वेस्ट आयडी येतो तो क्लेमच्या कागदात लावा, फोन सापडला तर अनब्लॉक करायलाही तोच लागते.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, फोनवरचं "नाही होत सर" धरू नका. खरी पॉलिसी असेल तर पहिले कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, तिथं पैसे लागत नाहीत. माझ्यासारखं नुसतं कार्ड असेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाईन, नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. मी गेलो नाही, कापूस वेचायला आला होता आणि ९९९ साठी कोण चकरा मारणार असं वाटलं. जायला पाहिजे होतं.

मागच्या महिन्यात मी माझा फोन गावातल्याच एका पोराला विकला. वही काढली तर तो म्हणे, "भाऊ, मायावर भरोसा नाई का?" म्हटलं, "तुयावर हाय बे, पण बिलावर नाव माझं हाय. उद्या तू हा कोणाले विकला अन् त्यानं काही उद्योग केला, तर जीप माझ्या दारात येईल." मग बसला मुकाट्यानं, आणि आयएमईआय त्यानंच वाचून दाखवला.