दोन लाख फोटो डिजीकॅममध्ये आणताना

डिजीकॅम म्हणजे फोटो सांभाळायचं आणि शोधायचं सॉफ्टवेअर. पाच-दहा हजार फोटो असतील तर त्याला फोल्डर दाखवला की काम झालं. आकडा लाखांत गेला की हीच घाई अंगाशी येते. अर्धवट कॉपी झालेल्या फाइली, चुकीच्या तारखा आणि दुहेरी फोल्डर हे सगळं आत येतं, आणि मग त्यावर टॅग लावून झाल्यावर निस्तरणं फार अवघड होतं. म्हणून पहिलं स्कॅन, म्हणजे डिजीकॅमनं फोल्डर वाचून फोटोंची नोंद करणं, सुरू करण्याआधी जेवढा वेळ घालवाल तेवढा थोडाच.

डिजीकॅम फोटो उचलून स्वतःच्या पोटात घेत नाही. फोटो जिथे आहेत तिथेच राहतात, डेटाबेसमध्ये फक्त त्यांच्या नोंदी होतात. तुमचा प्रत्येक फोल्डर म्हणजे तिथला एक अल्बम. त्यामुळे आधी वर्ष, त्यात महिना किंवा प्रसंग, अशी फोल्डरांची मांडणी अगोदरच ठरवा. नंतर नाव बदलायचं किंवा हलवायचं असेल तर ते डिजीकॅमच्या आतूनच करा.

सगळे फोटो एका डिस्कवर आणताना वेळेचा हिशोब करून ठेवा. सरासरी ५ एमबीचा फोटो धरला तर २ लाख फोटोंचे १ टीबी होतात. यूएसबी २ वर सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे नऊ तासांच्या वर. यूएसबी ३ च्या पोर्टेबल डिस्कवर १०० एमबी धरले तर तीन तास. बारीक फाइली जास्त असतील तर याहूनही वेळ लागतो. कट-पेस्ट अजिबात नको. कॉपी करा, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा आणि मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा.

शून्य बाइटच्या फाइली शोधून बाजूला काढा. अर्धवट फाइली त्याहून फसव्या. कॅमेरा जेपेग फाइलच्या सुरुवातीलाच एक छोटं चित्र साठवतो. फाइल मध्येच तुटली तरी ते शाबूत राहतं, म्हणून फोल्डरमध्ये फोटो धडधाकट दिसतो आणि उघडल्यावर खालचा अर्धा भाग नुसता करडा. नजरेनं हे सापडत नाही. जेपेगइन्फोसारख्या साधनानं सगळ्या फाइली एकदा तपासून घ्या.

आता आपल्याकडची एक खास अडचण. फोल्डरांची नावं मराठीत असतील आणि डिस्क जुन्या मॅकवरून आलेली असेल, तर ‘दौऱ्याचे फोटो’ नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसू शकतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कारण असं की ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षर-संकेतांत) दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असे दोन तुकडे. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था तुकडे करून साठवते, तर लिनक्स जसं आलं तसं ठेवतं आणि ती दोन वेगळी नावं मानतं. दुसऱ्यांदा कॉपी केली की जुळे फोल्डर तयार. स्कॅनआधीच एका नावाखाली एकत्र करा. शिवाय लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपतं. लग्नपत्रिकेएवढी लांब नावं ठेवू नका.

तारखांचं काम सर्वांत किचकट, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख फाइलच्या आत असते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ती सहसा उरत नाही; मग डिजीकॅम फाइलची तारीख धरतं, आणि ती बऱ्याचदा कॉपी केल्याचा दिवस असते. मात्र ‘आयएमजी-२०१९०८१४-डब्ल्यूए०००७’ अशा नावात दिवस लिहिलेला असतो. डिजीकॅमच्या वेळ-दुरुस्तीच्या साधनात नावावरून तारीख घेण्याची सोय आहे, ती वापरा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर त्या प्रसंगातला खरी वेळ ठाऊक असलेला एक फोटो घ्या, फरक काढा आणि तेवढाच फरक त्या संचातल्या सगळ्या फोटोंना एकदम लावा. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर स्कॅनिंगचा दिवस असतो. वर्ष माहीत असेल तर १ जानेवारी टाका आणि ‘अंदाजे’ असा टॅग द्या.

डेटाबेस कुठे ठेवायचा? फोटो नेटवर्कच्या डिस्कवर असले तरी डेटाबेस संगणकाच्या आतल्या एसएसडीवरच हवा. नेटवर्कवर ठेवलेलं एसक्यूलाइट (फाइलीतच राहणारा छोटा डेटाबेस) फाइल-लॉकिंगमध्ये, म्हणजे एका वेळी एकानंच फाइल बदलावी म्हणून लागणाऱ्या कुलुपात, अडकतं आणि बिघडू शकतं. १ लाखाच्या वर फोटो असतील तर डिजीकॅमची माहितीपुस्तिका मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हे सर्व्हरवर चालणारे मोठे डेटाबेस सुचवते. आमच्या मते एकच माणूस, एकच संगणक आणि चांगली एसएसडी असेल तर २ लाखांपर्यंत एसक्यूलाइट निभावून नेतं. त्यापुढे थेट मारियाडीबी घ्या. छोट्या चित्रांचा डेटाबेस काही जीबींचा होतो, म्हणून २० जीबी तरी मोकळे ठेवा.

टॅग आणि तारांकनं फक्त डेटाबेसमध्ये ठेवू नका. सेटिंगमध्ये ती फोटोच्या फाइलीत लिहायला सांगा. रॉ फाइलींसाठी (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेल्या) शेजारी वेगळी एक्सएमपी फाइल (टॅगसारखी माहिती ठेवणारी) निवडा. मूळ रॉला हात लागता कामा नये. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी वर्षानुवर्षांचे टॅग फोटोंसोबत राहतात.

मग टप्प्याटप्प्यानं आत घ्या. कलेक्शनचा, म्हणजे डिजीकॅमला दाखवलेला मुख्य, फोल्डर जवळजवळ रिकामा ठेवून सुरुवात करा आणि त्यात आधी एकाच वर्षाचे, पाच-दहा हजार फोटो टाका. तारखा, मराठी नावं, व्हिडिओ, उभे-आडवे फोटो सगळं नीट दिसतंय का ते पाहा. मगच पुढची वर्षं टाका आणि नव्या फाइलींचं स्कॅन चालवा. देखभालीच्या खिडकीतल्या सगळ्या खुणा एकदम लावण्याचा मोह होतो, तो टाळा. आधी नुसतं स्कॅन, दुसऱ्या रात्री छोटी चित्रं, नंतर सारखे फोटो शोधण्यासाठी फिंगरप्रिंट (प्रत्येक चित्राची ओळखखूण) आणि अगदी शेवटी चेहरे. फिरत्या हार्ड डिस्कवर सगळे प्रोसेसर कोर जुंपूनही फारसा फायदा होत नाही, कारण वेळ डिस्कचा काटा इकडून तिकडे फिरण्यात जातो. लॅपटॉप झोपी जाणार नाही एवढी सोय मात्र करा, नाहीतर सकाळी उठून पाहाल तर काम तिथेच.

प्रत्येक टप्प्यानंतर मोजदाद करा. डिस्कवर त्या वर्षाच्या फाइली किती आणि डिजीकॅममध्ये किती, हे प्रकारवार लिहून ठेवा. रॉ आणि जेपेगची जोडी दोन म्हणून मोजली जाते. एक्सएमपी फाइली मोजणीत येत नाहीत. तरीही फरक उरला तर बहुधा दुर्लक्षित फोल्डरांची यादी किंवा न ओळखलेला फाइल-प्रकार कारणीभूत असतो.

पुढे फोटो नव्या डिस्कवर न्यायचे झाले तर जुनं कलेक्शन काढून नवं जोडू नका. सेटिंगमध्ये त्याच कलेक्शनची जागा बदला. त्याआधी डिजीकॅम पूर्ण बंद करून डेटाबेसच्या सगळ्या फाइलींची प्रत काढा. चालू असताना काढलेली प्रत अर्धवट निघू शकते.