स्कॅनच्या ढिगावर उपाय: डबल कमांडर

रावेर-यावलकडे केळीच्या पीकविम्याचे दिवस आले की दुकानात सातबारा, आधार, पासबुक यांच्या स्कॅनचा ढीग साचतो. ज्याचं त्याच्या फोल्डरात टाकताना विंडोजच्या चार-चार खिडक्या उघडून जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा डबल कमांडर हा फाइली हाताळायचा प्रोग्राम टाकून घ्या. फुकट आहे, लिनक्सवरही चालतो. दिसायला जुनाट वाटेल, तिकडे लक्ष देऊ नका.

१. एकाच खिडकीत दोन कप्पे दिसतील. डावीकडे स्कॅनचं फोल्डर उघडा, उजवीकडे शेतकऱ्याचं. नवं फोल्डर हवं तर एफ७.
२. इन्सर्ट दाबत फाइली निवडा. कप्पा बदलायला टॅब.
३. एफ५ दाबलं की समोरच्या कप्प्यात कॉपी.

खरी मजा कंट्रोल-एममध्ये आहे. 'स्कॅन ००१' छापाची सगळी नावं एका दमात बदलतात. 'पाटील सातबारा १, २, ३' असे क्रमांकही लागतात. नवं नाव जुन्याशेजारी आधीच दिसतं, ते नीट वाचून मगच पुढे जा.

गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर मात्र एफ६ दाबू नका. त्याने कॉपी होत नाही, फाइल तिथून उचलूनच येते. लॅपटॉपवर एफ५ने भलतंच काही झालं, तर सोबत एफएन दाबा.