मर्दानी धाटणीच्या बाथरूमसाठी टाइलचे रंग कसे निवडावेत

टाइलच्या दुकानात 'जरा जेन्ट्स लूक हवाय' असं म्हटलं, की सेल्समन हमखास काळ्या चकचकीत टाइलसमोर नेऊन उभं करतो. दुकानातल्या झगमगाटात ती टाइल भारदस्त दिसतेच. पण बोअरच्या पाण्याच्या घरात तीच टाइल शॉवरखाली लावली, तर महिन्याभरात प्रत्येक थेंबाची पांढरी खूण तिच्यावर वाळून बसते. मग रोज वायपर मारा, नाहीतर ते डाग बघत आंघोळ करा.

रंगाला बाई-पुरुष काही कळत नाही, हे खरंच. तरी बाजारात ज्याला मर्दानी लूक म्हणतात त्याच्या ठरलेल्या खुणा आहेत. कोळशी, सिमेंटी राखाडी, गडद तपकिरी, बाटलीसारखा हिरवा, नेव्ही ब्लू असे रंग, मॅट पृष्ठभाग, सरळ रेषा, आणि वेलबुट्टीला रजा. हे सगळं चार भिंतींवर पसरायची गरज नसते. एकच भिंत गडद ठेवायची आणि ती पाण्यापासून लांबची निवडायची, एवढं सांभाळलं तर पुढची बरीचशी कटकट वाचते.

हिशेबासाठी फ्लॅटमधली नेहमीची न्हाणी धरू: ५ × ७ फूट. दरवाजा ५ फुटी भिंतीत. आत शिरल्यावर उजव्या लांब भिंतीला आधी बेसिन, मग कमोड, आणि शेवटी समोरच्या खिडकीजवळ शॉवर.

पायरी १ : जे बदलणार नाही त्याची यादी करा

कमोड आणि बेसिन जुनेच ठेवणार असाल तर रंगाची सुरुवात तिथून होते. कमोड शुभ्र पांढरा आहे की आयव्हरी, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. प्रिंटरचा कोरा कागद शेजारी धरा, लगेच कळतं. शुभ्र कमोडच्या मागे पिवळट आयव्हरी टाइल लागली, की टाइल जुनाट दिसते आणि कमोड निळसर. उलट, आयव्हरी कमोडमागे निळसर राखाडी टाइल आली तर कमोडच कळकट वाटतो.

नळांचंही तेच. मॅट काळे नळ सध्या फार खपतात आणि गडद टाइलशेजारी देखणे दिसतात. पण क्षाराचं पाणी त्यांच्यावरही पांढरे ओघळ सोडतं. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर साधे क्रोमचे नळ घ्या, मर्दानीपणात काही उणं पडत नाही.

पायरी २ : गडद भिंत कोणती ते ठरवा

दार उघडताच दिसणारी समोरची भिंत गडद करायचा मोह सगळ्यांनाच होतो. आपल्या नमुन्यात नेमकी तिथेच शॉवरची धार पडते. म्हणून गडद रंग उजव्या भिंतीवर, बेसिन आणि कमोडच्या मागे, ४ फूट रुंद आणि खालपासून ७ फुटांपर्यंत असा सलग उभा घ्या. जेट स्प्रेचे शिंतोडे तिथे उडतात, पण ते खालच्या भागात राहतात आणि फडका फिरवला की जातात.

आरशाचाही इथे फायदा होतो. आरशामागची भिंत आरशात दिसत नाही, समोरची दिसते. बेसिनमागे कोळशी रंग आणि समोरच्या भिंतीवर उजळ रंग ठेवला, की उजेड परतून चेहऱ्यावर येतो आणि दाढी करताना हनुवटीखालचं नीट दिसतं. दोन्ही भिंती गडद केल्या तर छताचा एकटा बल्ब पुरत नाही, गळ्यावर सावली पडते. गडद भिंत करणारच असाल तर आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, दिव्याचे पॉइंट आत्ताच काढून घ्या. टाइल लागल्यावर वायर ओढायची म्हणजे नवी टाइल फोडणं आलं.

दुकानातला 'कॉन्सेप्ट' नावाचा प्रकार इथे ओळखून ठेवा. एकाच डिझाइनच्या तीन टाइल असतात: लाइट, डार्क आणि हायलायटर. खोक्यावर एलटी, डीके, एचएल असं लिहिलेलं सापडतं. ठरलेली पद्धत म्हणजे खाली ३ फूट डार्क, मध्ये हायलायटरची पट्टी, वर लाइट. अशी आडवी तीन भागांत कापलेली न्हाणी बुटकी दिसते, आणि हायलायटरवर गारगोट्या, ऑर्किड नाहीतर कॉफीचे कप असतात. त्याच संचातला डार्क आणि लाइट घ्या, हायलायटर दुकानातच राहू द्या. दोन्ही टाइल एकमेकींशी जुळवूनच बनवलेल्या असतात, त्यामुळे रंगाचं निम्मं काम फुकटात होतं.

पायरी ३ : जोडी जुळवा

राखाडी हा एक रंग नाही. एक राखाडी निळ्याकडे झुकतो, दुसरा हिरव्याकडे, तिसरा तपकिरीकडे. एकेकटे बघितले तर तिघेही 'ग्रे'च वाटतात. शेजारी ठेवले की भांडण दिसतं. भिंतीला निळसर आणि फरशीला तपकिरी छटेचा राखाडी लागला, तर दोन वेगळ्या कामांतला उरलेला माल वापरलाय असं वाटतं. दोन्ही टाइल एकाच कुळातल्या घ्या.

डोकं न चालवता जमणारी जोडी म्हणजे कोळशी डार्क, तपकिरी छटेचा फिकट सिमेंटी लाइट आणि खाली मध्यम राखाडी फरशी. जुनी होत नाही, आणि पांढरा व आयव्हरी दोन्ही कमोड तिच्यात खपून जातात.

लाकडाची ऊब हवी असेल तर गडद भिंतीवर लाकडी छापाच्या लांब पट्ट्या लावा, २०० × १२०० मिलिमीटरच्या मिळतात. छापात लालसर शिसवी रंग टाळा. पांढऱ्या एलईडीखाली तो लाल रंग उसळून वर येतो आणि भिंत सनमायकाच्या कपाटासारखी दिसायला लागते. राखेकडे झुकणारा तपकिरी निवडा, बाकी भिंती ऑफ-व्हाइट.

बाटली हिरवा किंवा नेव्ही ब्लू लहान आकारात खुलतो, ७५ × ३०० मिलिमीटरच्या अरुंद टाइलमध्ये. भिंत कोरड्या बाजूची असल्यामुळे इथे ग्लॉसी चालेल. शेजारी शुभ्र पांढरा मात्र नको, फार कडक विरोध होतो. किंचित राखाडी पांढरा शोधा.

काळ्या पाषाणाचा, म्हणजे सह्याद्रीतल्या बेसॉल्टचा, आभास देणाऱ्या मॅट टाइलही चांगल्या दिसतात. खराखुरा दगडच हवा म्हणून कुणी कडप्पा लावायला निघालं तर थोडं थांबा. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. बाथरूम धुण्याचं ॲसिड त्यांच्यावर पडलं की पृष्ठभाग खाल्ला जातो आणि काळ्या कडप्प्यावर पांढुरके चट्टे उठतात. बेसिनखालच्या ओट्याला काळा ग्रॅनाइट त्यापेक्षा सोशीक.

पायरी ४ : नमुना घरी आणा आणि त्याला छळा

पसंतीच्या डार्क, लाइट आणि फरशीची एकेक पूर्ण टाइल विकत घ्या. मोबाइलमधला फोटो किंवा कॅटलॉगचा तुकडा कामाचा नाही. टाइल न्हाणीत भिंतीला टेकवून उभी ठेवा, आडवी नको, कारण आडव्या टाइलवर छताचा उजेड थेट पडतो आणि रंग आहे त्याहून फिका वाटतो. एकदा सकाळी खिडकीच्या उजेडात बघा, एकदा रात्री दिवा लावून.

दिव्याचा रंगही ठरवूनच टाका. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक बल्बखाली निळसर राखाडी टाइल दवाखान्यातली वाटते. ३००० केल्विनखाली तपकिरी टाइल पिवळट होते आणि नेव्ही ब्लू जवळजवळ काळा दिसतो. ४००० केल्विनचा बल्ब दोन्हींना न्याय देतो. ९ वॅटचा एलईडी साधारण ९०० लुमेन उजेड देतो. एवढ्या न्हाणीत, एक भिंत गडद असताना, असा एक बल्ब छताला आणि आरशाजवळ वेगळा उजेड इतकं लागतंच.

आता छळ. टाइलच्या अर्ध्या भागावर घरच्याच नळाचं पाणी शिंपडा, उरलेल्या अर्ध्यावर साबणाचा फेस चोळा, आणि रात्रभर तशीच वाळू द्या. सकाळी टाइल काय ते सांगते. ग्लॉसी काळ्यावर थेंबांची कडी न् कडी मोजता येते. एकरंगी मॅट काळ्यावर थेंब कमी दिसतात, पण साबणाचा पांढरट थर आणि तेलकट बोटं उमटतात. मध्यम राखाडी, त्यात सिमेंटसारखी ढगाळ नक्षी असेल, तर त्यावर शोधूनच डाग दिसतो. शॉवरच्या भिंतींवर येणारा लाइटही अशाच ढगाळ नक्षीचा निवडायचा. पाण्यात लोह असेल तर पांढऱ्या टाइलवर गेरूसारखे तांबूस ओघळ येतात, तेही याच चाचणीत दोन-तीन दिवस पाणी शिंपडत राहिलात तर कळतील.

पायरी ५ : फरशी

फरशीचा रंग भिंतीच्या लाइटपेक्षा दोन पायऱ्या गडद आणि डार्कपेक्षा एक पायरी उजळ. काळ्या फरशीवर साबण आणि क्षार दिसतात, पांढरीवर केस. मध्यम राखाडी दोन्ही झाकते.

रंगाइतकंच घसरणं महत्त्वाचं. घसरण-रोधाचा आकडा विचारा: आर१० किंवा आर११. त्याहून खरखरीत घेतली तर खाचांत मळ बसतो आणि ब्रशनं घासत बसावं लागतं. आकार ३०० × ३०० मिलिमीटरचा बरा. पाणी जाळीकडे जायला ७ फुटांत साधारण १ इंच उतार लागतो, आणि ६०० च्या मोठ्या टाइल त्या उतारात तिरक्या कापल्याशिवाय बसत नाहीत. गडद फरशीवर ते तिरके काप फार उठून दिसतात.

पायरी ६ : मोजणी

भिंतींचा घेर २४ फूट, टाइलची उंची ७ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. दरवाजाचे (अडीच × ७) साडेसतरा आणि खिडकीचे (२ × २) ४ वजा केले की उरतात १४६.५. त्यातली गडद पट्टी ४ × ७ म्हणजे २८, बाकी ११८.५ उजळ.

३०० × ६०० ची एक टाइल १.९४ चौरस फूट भरते. तुटफूट आणि कापाकापीसाठी १० टक्के जास्त धरून उजळ ६८ टाइल लागतात, गडद १६. खोक्यात ५ टाइल असतील तर उजळ १४ खोकी आणि गडद ४. गडदची ३ खोकी घेऊन भागवू असं कुणी सुचवेल, पण १५ टाइलमध्ये एक कमी पडते, आणि त्या एकीसाठी नंतर गेलात तर तोच शेड मिळेल याची खात्री नसते. फरशीचे ३५ चौरस फूट, १० टक्के धरून ४० टाइल.

सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे ना, हे टेम्पोतून माल उतरवतानाच बघा. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये राखाडीत उन्नीस-बीस होतं, आणि भिंतीवर ते सरळ रेषेत दिसतं. दगडी किंवा लाकडी छाप असेल तर डिझाइनचे 'फेस', म्हणजे वेगवेगळे छाप, किती, हेही विचारून घ्या. दोनच असतील तर तीच रेघ, तीच गाठ भिंतभर पुन्हा पुन्हा येते.

पायरी ७ : सांध्यांचा रंग

मिस्त्रीला काही सांगितलं नाही तर तो सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरून मोकळा होतो. कोळशी भिंतीवर ती पांढरी जाळी शाळेच्या चौकटीच्या वहीसारखी दिसते, शिवाय टाइल केसभर वाकडी लागली असेल तर तेही चव्हाट्यावर येतं. सांध्याचा रंग टाइलच्याच छटेचा घ्या. दोन टाइलमध्ये सारखी फट ठेवणारे २ मिलिमीटरचे स्पेसर लावायला लावा. 'जॉइंटलेस करून देतो' हे ऐकायला बरं वाटतं, पण सांधाच नसेल तर ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, आत जात नाही आणि फटीत पाणी मुरतं.

गडद सांध्यांना इपॉक्सी ग्राउट वापरा. सिमेंटचं गडद ग्राउट प्रत्येक वेळी कमी-जास्त पाण्यात कालवलं जातं, त्यामुळे वाळल्यावर कुठे काळं, कुठे भुरकट होतं. इपॉक्सीची एकच अट आहे: मॅट टाइलवर सांडलेलं लगेच पुसायचं. ते तिथे घट्ट झालं की चिकट डाग कायमचा बसतो.

पायरी ८ : बसवताना कोपऱ्यांकडे लक्ष

गडद टाइल फक्त वरून गडद असते. आतली माती पांढरी किंवा लालसर. खिडकीच्या कडेला, कोनाड्याला किंवा बाहेरच्या कोपऱ्यावर टाइल कापली, की ती माती पांढऱ्या रेघेसारखी दिसते. मिस्त्री तिच्यावर काळा रंग फासून देतात, तो काही महिन्यांत निघतो. अशा कडांना काळी किंवा स्टीलची प्रोफाइल पट्टी लावा. ती टाइल बसवतानाच खाली सरकवायची असते, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी आणून ठेवा.

काम संपलं की शेवटच्या दिवशी मिस्त्रीचा माणूस ॲसिडची बाटली घेऊन येतो आणि भिंतींवर सरसकट ओततो. त्याला दारातच अडवा. सिमेंटचे ताजे सांधे ॲसिडनं खडबडीत होतात, रंग उडतो आणि क्रोमचे नळ काळवंडतात. सिमेंटचे फराटे ओल्या स्पंजनं त्याच दिवशी पुसले असतील तर ॲसिडचं काम उरतच नाही. राहिलेच असतील, तर लाकडी पट्टीनं खरवडून पाण्यानं धुवायला सांगा.