आंतरराष्ट्रीय आर्थिक धोरणात मास्टर्स करताना या चुका टाळा

आयातशुल्क वाढवावे की नाही, यावर नियमित बातम्या वाचणारा कोणीही अर्धा तास बोलू शकतो. आंतरराष्ट्रीय आर्थिक धोरणाच्या पदव्युत्तर वर्गात तेवढ्याने भागत नाही. शुल्क किती टक्क्यांनी वाढले, त्यातला किती बोजा ग्राहकाच्या माथी आला, किती परदेशी विक्रेत्याने सोसला आणि जागतिक व्यापार संघटनेत त्या देशाने कबूल केलेल्या कमाल दरात ही वाढ बसते का, हे सगळे सांगावे लागते. पहिल्या सत्रात अडखळणारे विद्यार्थी बहुतेक वेळा हुशारच असतात. हा अभ्यास मोजमापाचा आहे, हे त्यांच्या उशिरा ध्यानात येते.

नावावरून अभ्यासक्रम निवडणे

जवळपास सारख्याच नावाखाली दोन वेगळ्या वाटा असतात. एक व्यावसायिक: धोरण-टिपणे, वाटाघाटी, व्यापारकायदा आणि शेवटी गटाने करायचा प्रकल्प. दुसरी संशोधनाची: सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्र, अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र) आणि शेवटी प्रबंध. ऐच्छिक विषय दोन्हीकडे आकर्षकच दिसतात. ते बाजूला ठेवा आणि सक्तीच्या विषयांची यादी काढून वाचा. संख्याशास्त्राचा एकच प्राथमिक पेपर असेल, तर तिथून थेट पीएचडीकडे वळणे कठीण जाते. उलट सगळेच पेपर सिद्धांताचे असतील, तर मंत्रालयात किंवा व्यापार विभागात लागणारे टिपण लिहिण्याचा सराव स्वतःच करावा लागतो. युरोपात एका वर्षाची पदवी साधारण ६० क्रेडिटची आणि दोन वर्षांची १२० क्रेडिटची असते. पीएचडीसाठी काही विद्यापीठे ६० क्रेडिट अपुरे धरतात.

नोकरीच्या अटीही प्रवेशाआधी वाचा, पदवी हातात पडल्यावर नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा इकॉनॉमिस्ट प्रोग्रॅम प्रामुख्याने पीएचडी झालेल्या किंवा संपत आलेल्या उमेदवारांसाठी असतो. इतर संस्थांच्या तरुणांसाठीच्या योजनांत मास्टर्स चालते, पण वय, अनुभव आणि नागरिकत्व यांच्या अटी असतात. जागतिक व्यापार संघटनेच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश. तिथे जायचे मनात असेल, तर दुसरी भाषा पहिल्या सत्रापासूनच सुरू करावी.

जीआरईच्या गुणांवर विसंबून राहणे

जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या गणित विभागात कलनशास्त्र नसते. त्यामुळे तिथे उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थीही सूक्ष्म अर्थशास्त्राच्या दुसऱ्याच आठवड्यात गांगरतो. हाताशी असायला हव्यात त्या गोष्टी मोजक्या आहेत: आंशिक विकलन, लाग्रांज पद्धत (मर्यादा असताना कमाल मूल्य काढण्याची), लॉग आणि घातांक, मॅट्रिक्सचा गुणाकार व व्यस्त, सशर्त सरासरी आणि गृहीतकाची चाचणी.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. दोन वस्तू, ठरलेले उत्पन्न आणि कॉब-डग्लस उपयोगिता फलन (दोन्ही वस्तूंच्या प्रमाणांच्या घातांचा गुणाकार) घेऊन मागणी कागदावर काढा. घातांकांची बेरीज १ असेल, तर प्रत्येक वस्तूवरचा खर्च हा तिच्या घातांकाइतकाच उत्पन्नाचा हिस्सा निघायला हवा. दहा मिनिटांत तिथे पोचता आले नाही, तर वर्ग सुरू होण्याआधीचे दहा-बारा आठवडे रोज तासभर गणिते सोडवण्यात घाला. व्हिडिओ पाहून समजल्यासारखे वाटते, हाताला मात्र सवय लागत नाही.

वेळेचाही हिशेब ठेवा. जीआरईचे गुण ५ वर्षे चालतात, टोफेल आणि आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे २ वर्षे. शिफारसपत्रासाठी तुमचे आकडेमोडीचे काम पाहिलेला शिक्षक किंवा वरिष्ठ गाठा आणि किमान सहा आठवडे आधी विचारा. नामवंत व्यक्तीने लिहिलेले मोघम पत्र फारसे कामाला येत नाही.

हेतुपत्रात जग बदलण्याची भाषा

‘जागतिक विषमता मला अस्वस्थ करते’ हे वाक्य खरे असेलही, पण त्यातून तुम्ही काय अभ्यासणार ते कळत नाही. त्याऐवजी हे पाहा: करारानुसार शुल्कसवलत उपलब्ध असूनही छोटे निर्यातदार ती का घेत नाहीत? मूळ देशाचा दाखला मिळवण्याचा खर्च सवलतीपेक्षा जास्त पडतो का? असा प्रश्न लिहिला की तो तपासायला लागणारी माहिती, पद्धत आणि त्या विद्यापीठातला नेमका विषय सांगणे आपोआप जमते.

व्यापाराची आकडेवारी जशीच्या तशी उचलणे

प्रबंध बिघडतात ते बहुधा इथे. ‘अ’ देशाने ‘ब’ला केलेली निर्यात आणि ‘ब’ने ‘अ’कडून केलेली आयात हे आकडे जुळत नाहीत. निर्यात सहसा एफओबी मूल्याने, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने, नोंदली जाते, तर आयात सीआयएफने, म्हणजे भाडे आणि विमा धरून. शिवाय माल तिसऱ्या देशाच्या बंदरातून गेला की निर्यातदार त्या बंदराचे नाव लिहितो आणि आयातदार मूळ देशाचे. दोन्ही स्रोत मिसळू नका. सीमाशुल्क आयातीवर लागत असल्याने त्या नोंदी साधारणपणे जास्त काळजीने होतात, म्हणून बरेच संशोधक आयातदाराचा आकडा धरतात.

दुसरा सापळा एचएस कोडचा, म्हणजे वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या क्रमांकाचा. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे, त्यापुढचे प्रत्येक देशाचे स्वतःचे. पण ते सहा अंकही २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये बदलले. एखाद्या वस्तूची आयात नेमकी आवृत्ती बदलल्याच्या वर्षी शून्यावर आली, तर धोरणाचा परिणाम सापडला म्हणून हुरळू नका. कोड रद्द किंवा विभागला गेला असण्याचीच शक्यता अधिक. जुळणीचे तक्ते संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाकडे मिळतात.

ग्रॅव्हिटी मॉडेल ‘चालत नाही’ तेव्हा

दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारावरून आणि अंतरावरून अंदाजणारे, अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये वापरलेले हे मॉडेल आजही व्यापार करारांचा परिणाम मोजायला पहिले हत्यार आहे, आणि त्यातल्या चुका पुन्हापुन्हा त्याच असतात.

कराराचा परिणाम अविश्वसनीय मोठा आला, तर आधी पाहा की निर्यातदार-वर्ष आणि आयातदार-वर्ष असे फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येक देशाच्या प्रत्येक वर्षासाठी वेगळे स्थिर पद) घातले आहेत का. दोन देशांमधला व्यापार त्या दोघांमधल्या अडथळ्यांवरच ठरत नाही. बाकी जगाच्या तुलनेत ते अडथळे किती, यावर ठरतो. अँडरसन आणि व्हॅन विंकूप यांनी २००३ मध्ये हे मांडले, आणि ते वगळले की सहगुणकावर, म्हणजे मॉडेलने काढलेल्या परिणामाच्या आकड्यावर, विश्वास ठेवता येत नाही.

हे इफेक्ट्स घातल्यावर सॉफ्टवेअर जीडीपीचे चल गाळून टाकते. विद्यार्थी घाबरतात आणि इफेक्ट्सच काढून टाकतात. तसे करू नका. एका देशाचा एका वर्षाचा जीडीपी त्या फिक्स्ड इफेक्टमध्ये पूर्ण सामावलेला असतो, म्हणून तो गळणारच. देशांच्या जोडीचा इफेक्ट घातला की अंतरही याच कारणाने गळते.

फक्त आपल्या एका देशाची निर्यात घेतली, तर अडचण वेगळीच येते. करार भागीदार आणि वर्ष यांनुसारच बदलतो, त्यामुळे आयातदार-वर्ष इफेक्टमध्ये कराराचे डमी चलच (करार असेल तर १, नसेल तर ०) नाहीसे होते. यावर उपाय एकच, अनेक निर्यातदार देशांची माहिती घेणे. हे प्रबंधाचा प्रस्ताव देतानाच कळले, तर महिने वाचतात.

शून्य व्यापाराच्या नोंदींचे लॉग निघत नाहीत. त्या गाळू नका आणि प्रत्येकीत १ मिळवून वेळही मारून नेऊ नका. सांतोस सिल्वा आणि टेनरेरो यांनी २००६ मध्ये सुचवलेली, लॉग न घेता थेट व्यापारमूल्यावर चालणारी पॉइसॉन पद्धत वापरा. स्टँडर्ड एरर (अंदाजातल्या अनिश्चिततेचे माप) देशांच्या जोडीनुसार क्लस्टर करा, म्हणजे एकाच जोडीच्या नोंदी परस्परसंबंधित धरा. डमीचा सहगुणक ०.५ आला, तर व्यापार ५० टक्के वाढला असे लिहू नका. ई चा ०.५ वा घात वजा १, म्हणजे सुमारे ६५ टक्के.

समग्र बाजूच्या चिन्हांचा गोंधळ

एका डॉलरला किती स्थानिक चलन, हा आकडा वाढला की स्थानिक चलन घसरते. नाणेनिधीचा वास्तविक प्रभावी विनिमय दराचा (अनेक भागीदारांच्या चलनांच्या तुलनेत, महागाई धरून काढलेल्या दराचा) निर्देशांक वाढला, तर मात्र चलन मजबूत होते. दोन्ही एकाच आलेखात टाकून उलटा निष्कर्ष काढणे फार सोपे आहे. व्यवहारतोलाच्या, म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या आर्थिक व्यवहारांच्या नोंदीच्या, नाणेनिधीच्या जुन्या पाचव्या आणि २००९ च्या सहाव्या नियमावलीत वित्तीय खात्याच्या चिन्हांची रीत वेगळी आहे. लांब मालिका जोडताना ती तपासाच. आणि चालू खाते म्हणजे बचत वजा गुंतवणूक, हे समीकरण टेबलावर लिहून ठेवा. शुल्काने तूट कमी होईल असे म्हणायचे असेल, तर बचत किंवा गुंतवणूक का बदलेल ते सांगावे लागते.

कायदा न वाचता शिफारस करणे

‘या एका देशावर जादा शुल्क लावावे’ ही शिफारस गॅट या व्यापारविषयक कराराच्या पहिल्याच कलमावर, सर्व सदस्य देशांना सारखेच वागवायला सांगणाऱ्या सर्वाधिक अनुकूल राष्ट्राच्या तत्त्वावर, अडते. अपवाद आहेत: मुक्त व्यापार करारासाठी २४ वे कलम, सार्वजनिक आरोग्यासारख्या कारणांसाठी २० वे, शिवाय अँटी-डंपिंग (विक्रेत्याच्या स्वतःच्या देशातल्या किमतीपेक्षा स्वस्तात विकलेल्या आयातीवरचे शुल्क). कोणता लागू होतो आणि त्याच्या अटी काय, हे टिपणात यायलाच हवे. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, त्यामुळे तंट्याच्या निकालावर अपील केले की प्रकरण लोंबकळत राहते. ‘संघटनेत दाद मागावी’ असे लिहिताना याचा विचार करा.

टिपण दोन पानांचे असेल, तर शिफारस पहिल्या परिच्छेदात द्या. पार्श्वभूमी दीड पान लिहून शेवटी शिफारस उरकणे, हा निबंधाच्या सवयीचा परिणाम आहे.

शेवटचे, फाइलींबद्दल. मूळ आकडेवारीच्या फाइलीला हात लावू नका. प्रत्येक बदल कोडमधून करा. डाउनलोड केल्याची तारीख फाइलच्या नावात घाला. जागतिक बँक आणि नाणेनिधी मागील वर्षांचे आकडेही सुधारतात, आणि सादरीकरणाच्या आठवड्यात पुन्हा उतरवलेली मालिका तुमच्या तक्त्याशी जुळेलच असे नाही.