मुंबईत आठ पाहुण्यांचे जेवण: घरी आणि बाहेर

मुंबईत कुणाला जेवायला बोलावणे म्हणजे दहा बाय पंधरा फुटांच्या हॉलमध्ये आठ माणसे बसवणे आणि त्यांतल्या दोघांना डोंबिवलीची गाडी पकडायची आहे हे ध्यानात ठेवणे. या शहरात घरी किंवा बाहेर नेटके आदरातिथ्य करायचे असेल, तर मी एकच कसोटी लावते: यजमानाला पाहुण्यांबरोबर बसून जेवता आले पाहिजे. बेत, भांडी, फुले, उपाहारगृह आणि बिल या सगळ्यांचा निर्णय या कसोटीवर घेतला की निम्मा गोंधळ टळतो.

लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या जेवणाला सासरची आठ मंडळी होती. बेत श्रीखंड-पुरीचा होता आणि पुरी गरमच वाढायची या हट्टापायी मी साडेआठपासून दहापर्यंत कढईसमोर उभी राहिले. पुऱ्या टम्म फुगल्या, सर्वांनी वाखाणल्या. पण नागपूरहून चार वर्षांनी आलेल्या मामेसासऱ्यांशी माझे धड चार शब्द बोलणे झाले नाही, आणि पुढच्या वर्षी ते गेले. तेव्हापासून पाने वाढायच्या वेळी तळत बसावे लागेल असा कुठलाही पदार्थ मी बेतात ठेवत नाही.

आमंत्रण निदान चार दिवस आधी फोनवर द्यावे. नुसता संदेश पाठवून भागत नाही, कारण बोलता बोलता काही गोष्टी विचारून घ्यायच्या असतात. शाकाहारी कोण, अंडे चालते का, जैन पाहुणे असतील तर कांदा, लसूण आणि बटाटा वर्ज्य आहे का, त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी तर नाही ना, श्रावण पाळणारे कुणी आहे का, हे सगळे तेव्हाच कळते. दुसरा प्रश्न येण्याजाण्याचा. रविवारी दुपारचे जेवण ठेवायचे असेल, तर मध्य, हार्बर आणि पश्चिम रेल्वेवर मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारी पाहून पाहुण्यांना कळवावे. ठाण्याची मंडळी एरवीपेक्षा तासभर उशिरा पोहोचली, तर दोष त्यांचा नसतो. रात्रीचे जेवण असेल तर आठला बोलावून पावणेनऊला पाने घ्यावीत, म्हणजे लांबच्या पाहुण्यांना घड्याळाकडे पाहत शेवटचा घास घ्यावा लागत नाही. गाडी घेऊन कोण येणार हे विचारून सोसायटीच्या वॉचमनला पाहुण्यांची नावे सकाळीच देऊन ठेवावीत.

बेत आखताना पदार्थांची तीन भागांत विभागणी करावी: आदल्या रात्री होणारे, सकाळी होणारे आणि पाहुणे येण्यापूर्वी तासभर आधी होणारे. चौथा भाग असू नये. अळूचे फदफदे आदल्या रात्री केलेले दुसऱ्या दिवशी अधिक मुरते आणि अधिक रुचकर लागते. कोथिंबीर वडीचे उंडे आदल्या दिवशी वाफवून फ्रीजमध्ये ठेवावेत. गार उंड्यांच्या वड्या सुबक कापल्या जातात आणि सातच्या सुमारास तव्यावर थोड्या तेलात परतल्या की पाहुणे येईपर्यंत कामातून मोकळे होता येते. भरली वांगी सकाळी करून ठेवावीत. मसालेभात पाने घेण्याच्या एक तास आधी शिजवावा आणि पातेले जाड टॉवेलात गुंडाळून ठेवावे. आतल्या वाफेवर शीत मोकळे होते आणि गोडा मसाला तांदळात उतरतो. आठ माणसांना सोबत साधा वरण-भातही असेल, तर मसालेभाताला तीन वाट्या तांदूळ पुरतात.

पोळ्यांच्या बाबतीत मला स्पष्ट सांगावेसे वाटते. पोळी तव्यावरून थेट पानात हा आग्रह घरातल्या एका बाईला पंगतीबाहेर ठेवतो आणि त्याला पाहुणचार म्हणू नये. संध्याकाळी सातला पोळ्या करणाऱ्या मावशींकडून अठ्ठावीस घडीच्या पोळ्या करून घ्याव्यात, त्यांचे वेळेचे आणि कामाचे जादा पैसे आधी ठरवून द्यावेत आणि पोळ्या सुती पंच्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. पंचा वाफ शोषून घेतो, त्यामुळे खालच्या पोळ्या ओल्या होत नाहीत. दोन तासांनीही त्या मऊ असतात.

श्रीखंडाला आठ जणांसाठी पाऊण किलो चक्का आणि सुमारे सहाशे ग्रॅम साखर घ्यावी. साखर चक्क्यात मिसळून दोन तास तशीच राहू द्यावी आणि मग ते पुरणयंत्रातून काढावे. साखर विरघळण्याआधी घाई केली तर श्रीखंड जिभेला रवाळ लागते. केशर कोमट दुधात खलून घालावे, वेलचीबरोबर जायफळ मात्र जपून किसावे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र श्रीखंडाचा हट्ट सोडून आमरस करावा. हापूसचा रस गरम करू नये, मिक्सरमधून फार वेळ फिरवूही नये. चिमूटभर मीठ घालून वाढताना वाटीत चमचाभर तूप सोडले की पुरे.

मासे करायचे असतील तर जून आणि जुलै टाळावेत, कारण त्या काळात किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि बाजारात येतो तो बहुधा साठवणीचा माल असतो. इतर महिन्यांत तळलेल्या सुरमईच्या तुकड्यांपेक्षा आंबटतिखट कालवण हा पंगतीसाठी शहाणपणाचा पदार्थ आहे, कारण ते सहज राखता येते. सोलकढीसाठी आमसुलांचे पाणी आणि नारळाचे दूध वेगवेगळे गार करून ठेवावे आणि पाने वाढण्यापूर्वी पंधरा मिनिटे एकत्र करावे. आधीपासून मिसळून ठेवलेली कढी फुटते आणि तिचा गुलाबी रंग मळकट दिसू लागतो.

जागेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हॉलमधले मधले टेबल आतल्या खोलीत न्यावे आणि दिवाणासमोर सतरंजी घालावी, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खुर्च्या आधीच मांडलेल्या असाव्यात, म्हणजे त्यांना मागाव्या लागणार नाहीत. पांढरी ट्यूबलाइट बंद करून कोपऱ्यात पिवळ्या प्रकाशाचे दोन दिवे लावले की लहान खोलीही निवांत वाटते. फुले दादर स्थानकाजवळच्या फूलबाजारातून भल्या पहाटे आणली तर ताजी आणि स्वस्त मिळतात. निशिगंध दाराजवळ ठेवावा. जेवणाशेजारी ठेवला तर त्याच्या वासापुढे वरणावरच्या तुपाचा वास लोपतो. पितळी भांडी सुंदर दिसतात यात शंका नाही, पण कल्हई नसलेल्या पितळेत आमटी, ताक किंवा कोशिंबीर ठेवू नये. आंबट पदार्थ कळकतो. आठ ताटे एकसारखी नसतील तर घरातली रोजची स्टीलची ताटे लख्ख घासून मांडावीत. ती कुठल्याही विकतच्या सेटइतकीच देखणी दिसतात.

पान वाढण्याची आपली जुनी पद्धत गर्दीच्या घरात फार उपयोगाची आहे. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. खाली मधोमध भाताची मूद, वरण आणि तूप. डावीकडचे पदार्थ थोडे खायचे आणि उजवीकडचे पुन्हा पुन्हा घ्यायचे, असा तो हिशेब आहे, त्यामुळे दुसऱ्यांदा वाढताना कुठली भांडी फिरवायची हे न सांगता कळते. वाटीला आतून तुपाचे बोट फिरवावे, भात हलक्या हाताने दाबावा आणि वाटी ताटात उपडी करून वर एकदा टिचकी मारावी. मूद अखंड सुटते. पहिले वाढप पाहुणे हात धुऊन येईपर्यंत पूर्ण करावे आणि नंतरचे पदार्थ पंगतीच्या मध्ये ठेवून यजमानांनी त्यांच्यासोबतच बसावे. आग्रह एकदा करावा, फार तर दोनदा. मधुमेही माणसाला तिसऱ्यांदा श्रीखंडाचा आग्रह करणे हे प्रेम असले तरी त्याला अडचणीत टाकणारे आहे.

बाहेर जेवायला नेतानाही कसोटी तीच, फक्त प्रश्न बदलतो: तिथे आपल्याला पाहुण्यांशी बोलता येईल का? दादरच्या ‘प्रकाश’मधला साबुदाणा वडा आणि पियुष बाहेरगावच्या पाहुण्याला आवर्जून खाऊ घालावा, पण तिथे टेबल कधी रिकामे होते याकडे डोळे लावून माणसे उभी असतात, म्हणून तिथे दोघांना न्यावे, आठ जणांना नव्हे, आणि महत्त्वाचे बोलणे दुसऱ्या जागी करावे. माटुंगा स्थानकाजवळ रामा नायक यांचे उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून चालू आहे. तिथे केळीच्या पानावर जेवण मिळते, वाढप भराभर होते आणि साध्या जेवणाची आवड असलेल्या वडीलधाऱ्यांना ते मनापासून आवडते. मात्र ते पहिल्या मजल्यावर आहे, म्हणून जिना चढणे कुणाला अवघड आहे का ते आधी पाहावे. काळबादेवीचे ठाकर भोजनालय गुजराती थाळीसाठी नावाजलेले आहे, आणि तिथले वाढपी घरच्यासारखा आग्रह करतात. पाहुणा भुकेलेला असेल अशाच दिवशी तिथे जावे.

दुपारी फोर्टात काम असेल तर बॅलार्ड इस्टेटमधले ‘ब्रिटानिया’ ही माझी पहिली निवड असते. 1923 पासूनच्या या इराणी उपाहारगृहात बेरी पुलाव मागवावा: मोकळ्या भातावर लाल, आंबट, वाळवलेली बारीक इराणी बेरीची फळे पसरलेली असतात आणि ती दाताखाली आली की मसाल्याची चव एकदम उजळते. ती जागा दुपारची आहे, म्हणून रात्रीचा बेत तिथे ठरवू नये. ज्या पाहुण्यांसाठी एखादा दिवस खास करायचा असेल त्यांना, जेवणाऐवजी, ताजमहाल हॉटेलच्या ‘सी लाउंज’मध्ये दुपारच्या चहाला न्यावे. 1903 मध्ये उघडलेल्या त्या इमारतीच्या खिडकीतून गेटवे आणि बोटी दिसतात, आवाज कमी असतो आणि कुणी उठण्याची घाई करत नाही. आईच्या साठीला आम्ही तिला तिथे नेले होते आणि आरक्षण करताना खिडकीजवळचे टेबल मागून घेतले होते. ती दोन तास समुद्राकडे पाहत बसली आणि चहा गार झाला.

आरक्षणाचा फोन दुपारी चार ते सहाच्या दरम्यान करावा, कारण तेव्हा समोरच्या माणसाला ऐकून घ्यायला सवड असते. किती माणसे, त्यांतली ज्येष्ठ किती, पायऱ्या आहेत का, हे विचारावे आणि टेबल स्पीकरखाली किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी नको असे स्वच्छ सांगावे. लोअर परळ किंवा वांद्र्याच्या नव्या जागांमध्ये शनिवारी नऊनंतर संगीताचा आवाज वाढतो. तिथे जायचेच असेल तर साडेसातची वेळ घ्यावी. यजमानाने पंधरा मिनिटे आधी पोहोचावे.

मेनूकार्ड हातात आल्यावर बरेच पाहुणे उजवीकडचे आकडे आधी वाचतात आणि सर्वांत स्वस्त पदार्थ मागवतात. त्यांचा संकोच दूर करण्याचा उपाय म्हणजे यजमानाने स्वतः एखाद-दोन चांगल्या पदार्थांची नावे घेणे: ‘इथले तळलेले बोंबील आपण घेऊच, तुम्ही खेकडा घ्याल का?’ असे म्हटले की कितीपर्यंतचे मागवता येईल हे त्यांना न बोलता कळते. बिल टेबलावर येऊच देऊ नये. पोहोचल्याबरोबर व्यवस्थापकाला कार्ड देऊन ठेवावे किंवा शेवटचा गोड पदार्थ आला की हात धुण्याच्या निमित्ताने उठून काउंटरवर पैसे भरावेत. ‘मी देतो, मी देतो’ ही ओढाताण मग होत नाही. बिल मात्र वाचावे. बहुतेक स्वतंत्र उपाहारगृहांत जीएसटी 5 टक्के असतो. सेवाशुल्क वेगळे लावले असेल तर ते देणे ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसे निर्देश दिले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. ते काढायला सांगायचे असेल तर काउंटरवर, पाहुण्यांच्या माघारी सांगावे, आणि ज्याने आपल्याला वाढले त्याच्या हातात टिप रोख द्यावी.

बाहेर जेवलो तरी शेवट घरी करावा असे मला वाटते, निदान घर जवळ असेल तेव्हा. त्यासाठी विडे दुपारी चारलाच करून ठेवावेत. पाने धुऊन, पुसून, देठ खुडून घ्यावेत. पानाच्या मागच्या बाजूला बोटाने अगदी थोडा चुना लावावा, त्यावर कात, मग सुपारी, बडीशेप, वेलचीचे दाणे आणि किसलेले सुके खोबरे घालावे. घडी घालून लवंग टोचावी आणि विडे ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावेत. पाहुणे दारात चपला घालू लागले की विड्यांचे तबक पुढे करावे आणि लिफ्ट येईपर्यंत त्यांच्याजवळ उभे राहावे.